बिनकाठाचे रुमाल

मालूताई कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून पाहत. साडी असो, स्टीलचं ताट असो, नाहीतर बाजारातून आणलेली फुलकोबी असो, सुलट बाजूवर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता. चष्मा कपाळावर सरकवायच्या, वस्तू पालथी करायच्या, दोन बोटांनी चाचपायच्या आणि मगच निकाल द्यायच्या. निकाल बहुधा वाईटच असायचा. एकदा दिवाळीला हौसेने घेतलेला भरतकामाचा कुर्ता मी त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो आतून बाहेर केला, लोंबणारे दोरे पाहिले, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. तो कुर्ता मी पुढे कधी घातला नाही.

माणसांच्या बाबतीतही तोच खाक्या. लग्न होऊन मी अमरावतीहून रायपूरला आले आणि आम्ही पुरानी बस्तीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. माझा नवरा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये हिशेबनीस होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कॉलरच्या आत, कानांच्या मागे, बुटांच्या शिवणीत लोखंडाची काळी धूळ बसलेली असायची. मालूताई त्याला फाटकातच अडवायच्या आणि पाठ करून उभं राहायला सांगायच्या. समोरून चकाचक दिसणारा माणूस मागून कसा आहे, ते त्यांना पाहायचं असे. मग मला हाक मारून सांगायच्या, ह्याले आधी मागून झटक, मग वर ने. तो बिचारा मुकाट उभा राहायचा. स्वतःच्या आईपुढेही तो इतका गुमान कधी उभा राहिला नसेल.

त्या घरात दोघी बहिणी राहत. मालूताई थोरल्या, सिंचन खात्यात नोकरीला होत्या. कुंदाताई धाकट्या, घर सांभाळायच्या. दोघींचीही लग्नं झाली नाहीत, आणि का झाली नाहीत याच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जितकी तोंडं तितक्या कथा होत्या. मला त्यातली एकही खरी वाटली नाही. त्या दोघींना तिसऱ्या माणसाची फारशी गरजच पडली नसावी, असं माझं आपलं मत आहे.

रायपूरच्या मराठी लोकांत मात्र त्या ओळखल्या जायच्या त्या रुखवतासाठी. मुलीचं लग्न ठरलं की हॉल आणि आचारी ठरवायच्या आधी मुलीची आई मालूताईंकडे येऊन जायची. ताटावरचे क्रोशाचे रुमाल, चौरंगावरचं आसन, तांब्याची झाकणी, कधी पलंगावर घालायची मोठी जाळीदार चादर. मुलाकडच्यांनी रुखवतासमोर उभं राहून नाकं मुरडायची, हाही लग्नातला एक विधीच. पण मालूताईंच्या रुमालांपुढे नाक मुरडायला कोणाला जागा सापडायची नाही. विशेषतः त्या रुमालांचा काठ. लहान लहान कमानी, आणि प्रत्येक कमानीच्या टोकाला मोरपिसावर असतो तसा एक डोळा. लोक त्याला मोराचा काठ म्हणायचे. तो काठ दुसऱ्या कोणाला जमला नाही. कितीतरी बायका रुमाल घरी नेऊन, भिंग लावून पाहायच्या आणि हात टेकायच्या.

तो मालूताईंनाही जमत नव्हता. ही गोष्ट मला तिथे राहायला गेल्यावर महिन्याभरात कळली, आणि वरच्या मजल्यावरची माणसं म्हणून त्यांनी ती आमच्यापासून लपवलीही नाही. रुमालाचा मधला भाग तेवढा मालूताईंचा. काठ सगळा कुंदाताईंचा.

कुंदाताई डावखुऱ्या होत्या. आईने त्यांचा डावा हात जेवताना पाठीशी बांधून ठेवला, पाटीवर लिहिताना त्यावर फुटपट्ट्या मारल्या, आणि शेवटी जेवण व लिहिणं उजव्या हातावर आलं. पण क्रोशाची सुई काही डाव्या हातातून सुटली नाही. मग पुढे ऑर्डरी यायला लागल्यावर आईपुढे पेच पडला. लग्नकार्यातली, देवाधर्माची वस्तू, आणि ती डाव्या हाताची? कोण घेईल घरात? तेव्हा आईने ठरवून टाकलं की कोणी विचारलं तर सगळं मालूनेच केलं असं सांगायचं, आणि कोणी आलं तर कुंदाने सुई पदराखाली ठेवून आत पाणी आणायला जायचं. आई गेली, पण तिचा नियम घरात राहिला. मी राहायला गेले तेव्हा कुंदाताई चाळिशीकडे झुकल्या होत्या, तरी फाटकाची कडी वाजली की त्यांची सुई पदराखाली जायची.

त्यांची काम करायची जागा म्हणजे मागच्या खोलीतली एकुलती एक खिडकी. तिथे दोघी समोरासमोर बसायच्या, पाय एकमेकींच्या पायांना लागतील इतक्या जवळ. मालूताईंच्या डावीकडे खिडकी यायची, कुंदाताईंच्या उजवीकडे. एकाच उजेडात दोघींचं भागायचं. मालूताई साखळीचे आणि खांबाचे टाके घालत मध तयार करायच्या. त्या रुमालाच्या मधल्या भागाला मध म्हणत. तो पुरा झाला की समोर टाकायच्या. कुंदाताई तो उचलायच्या, एकदा उलटा करून पाहायच्या आणि काठ सुरू करायच्या. तासन्‌तास बोलणं नाही. मी कधी चहा घेऊन खाली गेले तर खोलीत नुसता सुयांचा बारीक घासल्याचा आवाज. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटायचा, आणि माझ्या घरात टीव्ही लावून झोपलेल्या माणसाचा राग यायचा.

त्यांचं बिंग एकदा फुटता फुटता राहिलं. आमच्याच ओळखीतलं लग्न होतं, आम्ही तिघी बरोबर गेलो होतो. नवरदेवाची आत्या नागपूरची, स्वतः क्रोशातली जाणकार. तिने रुमालावरून बोट फिरवलं आणि चारचौघींत विचारलं, की मधले टाके एका दिशेला जातात आणि काठाचे उलट दिशेला, ते काहून? उजव्या हाताने विणणारी बाई ज्या बाजूने पुढे सरकते, डावखुरी त्याच्या उलट सरकते. आत्याबाईंनी नेमकं तेच पकडलं होतं. कुंदाताई हातातला मठ्ठ्याचा पेला घेऊन खांबामागे सरकल्या. मालूताईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"मधला भाग नवरी आहे न काठ नवरा," त्या म्हणाल्या. "एकाच दिशेनं चालत राहिले तर भेटतील कधी?"

आत्याबाई इतक्या खूश झाल्या की पंगतीत हेच वाक्य त्यांनी दहा जणींना ऐकवलं. पुढे ते रायपूरच्या मराठी लग्नांमध्ये रुखवताच्या टेबलापाशी हमखास ऐकू यायचं. परतताना रिक्षात कुंदाताई तोंडावर पदर घेऊन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. एरवी मी त्यांना फार हसताना पाहिलं नाही.

पुढे रुखवतं बदलली. तयार सेट मिळायला लागले, मग नुसती सजावटवाल्यांची टेबलं आली, मग कोणाला काही लागेनासंच झालं. ऑर्डरी थांबल्या तरी खिडकीतल्या दोघी थांबल्या नाहीत. मालूताई निवृत्त झाल्या होत्या, दिवस रिकामे होते. जुने रुमाल आठवून आठवून त्या पुन्हा करायला बसल्या. अमक्याच्या लग्नातला कमळाचा, तमक्याच्या लग्नातला चांदण्यांचा. कोणासाठी नाही, आपले आपल्यासाठी. दोघींचे ते दिवस फार चांगले गेले असं मला वाटतं.

मग कुंदाताईंना लकवा झाला, आणि तो नेमका डाव्या अंगाला. वाचा शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं, हात गेला. उजव्या हाताने त्या डावा हात उचलून मांडीवर ठेवायच्या, शेजारणीचं मूल घ्यावं तसा. मालूताईंनी मध करणं चालूच ठेवलं. आधी मध करून ठेवू, काठ तुझा हात आला की लावू, असं म्हणायच्या. कुंदाताई मान हलवायच्या. दोघींनाही माहीत होतं की हात यायचा नाही. शेवटी एकदा मालूताईंनी विचारलंच, तो मोराचा डोळा कसा करत होती ते मले सांग. मी तिथेच सुपात तांदूळ निवडत बसले होते. कुंदाताईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. उजव्या हाताची बोटं हवेत हलवून पाहिली.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "हाताले माहीत होतं."

दोन उन्हाळे त्यांनी तसे काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात गेल्या.

दिवस झाल्यावर मालूताईंनी मला खाली बोलावलं आणि लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत मध भरले होते. बिनकाठाचे रुमाल. क्रोशाचा रुमाल काठाशिवाय सपाट बसत नाही, काठच त्याला चारी बाजूंनी ताणून धरतो. तो नसला की कडा आत वळतात. ते सगळे रुमाल वाट्यांसारखे आक्रसून एकात एक बसले होते. मालूताईंनी एक बाहेर काढला, गुडघ्यावर पसरला, तळहाताने दाबला. हात काढल्याबरोबर तो पुन्हा मिटला.

"एकाले तरी कुंदीचा काठ लागला पायजे," त्या म्हणाल्या. "मी मरायच्या आधी एकाले तरी."

तिथून पुढची वर्षं त्यांचं दुसरं काही ध्येय नव्हतं. मी खूप समजावलं. साधा काठ लावा, काय बिघडतं, असं म्हणाले. यूट्यूबवर शंभर काठ आहेत, तेही दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. मग माझ्याकडे परत दिला.

एकटेपणाचं मालूताई रडगाणं गात नसत, पण एकदा बोलून गेल्या ते माझ्या मनात रुतून बसलं. दूधवाला हिंदी बोलतो, भाजीवाली छत्तीसगढी, मोलकरीण नुसतं हव-हव, म्हणजे हो-हो, करून काम करते आणि जाते. माझा मुलगासुद्धा त्यांनी मराठीत काही विचारलं की "हाँ आंटी" म्हणून हिंदीत उत्तर द्यायचा. कुंदाताई गेल्यावर दिवसच्या दिवस त्यांच्या तोंडातून मराठी शब्द निघत नसे. "तू खाली आली न शैला, की जीभ जड लागते," असं त्या म्हणाल्या. त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून रोज खाली जाऊ लागले. त्यांनी ते ओळखलं असणार. निमित्त उलटं करून पाहायची तर त्यांना सवयच होती.

मोराचा डोळा नुसता पाहून कळत नव्हता. एकाच छिद्रात दोन टाके होते आणि एक दुसऱ्याच्या मागे लपला होता. कोणता आधी, कोणता नंतर, सुई पुढून घातली की मागून, हे काठ उसवल्याशिवाय समजणार नव्हतं. क्रोशा उसवतो तोही शेवटच्या गाठीपासूनच. म्हणजे सगळ्यात आधी काठच जाणार. दोघींनी आपल्यासाठी केलेले रुमाल तर एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ले होते. म्हणून कुंदाताईंचा एखादा जुना, कोणाला नको झालेला रुमाल मिळवायचा, असं त्यांनी ठरवलं. इतकी लग्नं केली, एखादीच्या कपाटात पडलाच असेल. मी त्यांच्याबरोबर ऑटोत बसून हिंडले.

शंकरनगरच्या एका घरात सुनेने दार उघडलं. मुलगी चांगली होती, पाणी दिलं, बसवलं. पण सासूबाई गेल्यावर त्यांचं जुनं सामान काढून टाकलं होतं. "आंटी, वो सब तो दे दिया," ती म्हणाली, आणि आम्हाला काय हवं होतं ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आणखी दोन-तीन घरांत हेच झालं. कुठे इन्व्हर्टरवर टाकून टाकून चिंध्या झालेल्या, कुठे माणसंच रायपूर सोडून गेलेली.

एका डॉक्टरीणबाईंकडे मात्र तो होता. दिवाणखान्यात, काचेच्या फ्रेममध्ये, वर छोटा दिवा लावलेला. बाईंनी आमचं प्रेमाने स्वागत केलं, आणि घरी आलेल्या मैत्रिणींना ओळख करून दिली की माझ्या लग्नातला हा रुमाल ह्यांनीच केला. मालूताई फ्रेमसमोर उभ्या होत्या. आणि इतक्या वर्षांत, माझ्या देखत तरी, पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, मी नाही केला. काठ माझ्या बहिणीचा आहे. ती डावखुरी होती म्हणून आम्ही सांगत नव्हतो.

डॉक्टरीणबाई कौतुकाने हसल्या. "अय्या, आमच्याकडे तर सगळेच लेफ्टी आहेत," असं म्हणाल्या आणि सरबत आणायला आत गेल्या. मैत्रिणींचं बोलणं पुन्हा सुरू झालं. बस्स, एवढंच. जी गोष्ट लपवण्यात एका बाईचा उभा जन्म पदराखाली गेला, ती उघड झाल्यावर कोणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. मला त्या बाईंचा फार राग आला, आणि त्यांचा काहीच दोष नव्हता म्हणून अधिकच आला. फ्रेम उघडण्याबद्दल मालूताईंनी विचारलंच नाही. परतताना ऑटोत म्हणाल्या, फ्रेमवाल्याने रुमाल उलटा लावला आहे. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? त्यावर त्यांनी मान हलवली. उलटाच बरा, म्हणाल्या, त्यात कुंदीने मागे लपवलेली गाठ दिसते.

आता एकच रुमाल उरला होता, आणि तो घरातच होता. आई गेल्यावर मालूताईंनी हट्टाने कुंदाताईंकडून देवाखालचं आसन करून घेतलं होतं. ज्या हाताला देवाच्या कामात मज्जाव, त्याच हाताच्या काठावर त्यांनी देव बसवले. नियम मोडायची त्यांची ती एवढीच तऱ्हा. त्या आसनाकडे मी कितीतरी वेळा पाहिलं असेल, पण त्याचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नव्हता.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांची आंघोळ झाली होती. देव स्टीलच्या ताटात तांदळावर काढून ठेवले होते आणि आसन मांडीवर होतं, तुपाच्या डागांचं, कुंकवाने गुलाबी झालेलं. तू नुसती बस, बोलू नको, असं मला सांगितलं. त्यांनी ते उलटं केलं आणि गाठ शोधली. सुईच्या टोकाने ती सैल केली. दोरा चिमटीत धरला, आणि तशाच बसून राहिल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, नका उसवू, आपण चांगला फोटो काढू, मोठा करून पाहू.

"फोटोत वरचीच बाजू येते," त्या म्हणाल्या. मग दोऱ्याकडे पाहत, "उसवला तर कुंदीचं काई राहत नाई माह्यापाशी. नाई उसवला तर एवढंच राहते."

आणि दोरा ओढला.

पहिली कमान गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरी गेली ती त्यांनी एकेक टाका मोजत, समोर दुसऱ्या दोऱ्याने तसाच टाका घालत नेली. तिसऱ्या कमानीला डोळा सुटला. दुसरा टाका पहिल्याच्या मागून, सुई तिरपी करून घेतलेला होता. मालूताई त्याकडे पाहत राहिल्या आणि हसायला लागल्या. चोरटी मेली, म्हणाल्या, मागून येत होती. हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांनी तो राहू दिला. कळायचं ते कळलं होतं, तिथे थांबता आलं असतं. पण जुना दोरा, रोजच्या तुपाने आणि कापराने कुजलेला, तो जागच्या जागी तुटला आणि पुढच्या कमानी आपोआप सुटत गेल्या. अर्धा काठ गेला तेव्हा कुठे त्यांना गाठ मारता आली. दुपारी त्यांनी त्याच अर्ध्या काठाच्या आसनावर देव पुन्हा बसवले आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

महिन्याभरात त्यांनी पेटीतल्या एका रुमालाला मोराचा काठ लावला. रायपुरात इतक्या वर्षांत कोणाला न जमलेला काठ! मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला मिलमध्ये फोन केला. रुमाल पाटावर अंथरला तो सपाट बसला, एक कड वळली नाही. मालूताईंनी तो उलटा केला, बोट फिरवलं, परत सुलट केला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण माहा झाला हा. कुंदीचा नाई."

मी पाहिलं तर काठाचे टाके मधल्या टाक्यांच्याच दिशेने चालले होते. उजव्या हाताचे. रुमाल पालथा धरून विणून पाहिला तर दिशा बरोबर यायची, पण टाक्यांची पाठ वर यायची आणि डोळा मिटायचा. मग सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने सुई डाव्या हातात घेतली. पूर्ण हिवाळा मी ते पाहिलं. बोटं वळत नव्हती, सुई निसटायची, एक खांब घालायला इतका वेळ लागायचा की पाहणाऱ्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. त्या चिडायच्या आणि डाव्या हातावर उजव्या हाताने चापट मारायच्या. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन तोच हात कुरवाळायच्या. होळीच्या सुमारास त्यांनी ते सोडून दिलं. डॉक्टरांनी सांध्यांना विश्रांती द्या म्हटलं होतं, ते एक कारण झालं.

त्याच वर्षी माझा नवरा निवृत्त झाला आणि मुलाने आम्हाला नागपूरला बोलावून घेतलं. मालूताईंना हे सांगायला मला आठवडा लागला. त्या म्हणाल्या, हव, जा, पोट्ट्यापाशी राहायला पायजे. मग बराच वेळ दुसरंच बोलत बसल्या. कुंदाताई विणायला कशा शिकल्या ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईने डाव्या हाताला शिकवायला साफ नकार दिला होता. ती मालूला जवळ बसवून शिकवायची, आणि कुंदा समोर भिंतीला टेकून बसायची आणि पाहायची. आईचा उजवा हात जे करी, ते समोर बसलेल्या कुंदाच्या डाव्या हाताला बरोबर लागू पडे. कोणी न शिकवता ती समोर बसून शिकली. मालूताई हे बोलल्या आणि एकदम थांबल्या, समोर बसलेल्या माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. मला वाटलं त्या मला काही सांगतील, पण त्या उठून आत गेल्या.

मालूताई गेल्या ते मला नागपूरला कळलं. घराचं दूरच्या भाच्याने काहीतरी केलं, पेटीचं काय झालं माहीत नाही, विचारायचा धीर झाला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही निघालो त्या सकाळी. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा सामानाचा ट्रक पुढे गेला होता, दाराशी स्टेशनला न्यायला ऑटो उभा होता आणि मी नमस्कार करायला खाली गेले.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मालूताई खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर स्टुलावर त्यांनी कपाटाचा काढून आणलेला आरसा भिंतीला टेकवून उभा केला होता. सुई उजव्या हातात होती, मांडीवर पेटीतला एक रुमाल होता. पण त्या हाताकडे पाहतच नव्हत्या, आरशात पाहत होत्या. आरशात तेच कपाळ, तेच नाक, तेच पिकलेले केस, खिडकी उजवीकडे आणि सुई डाव्या हातात. आरशातला काठ उलट दिशेने पुढे सरकत होता. बरोबर कुंदाताईंच्या दिशेने.

"दमानं," त्या आरशातल्या बाईला म्हणत होत्या. "घाई नको करू, कुंदे. आता मागून घे."

बाहेरून नवऱ्याने हाक मारली, ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, मालूताई, निघते मी.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मोकळा हात तेवढा वर करून मला थांबवलं.

"थांब जराशी," त्या म्हणाल्या. "तिची कमान होऊ दे."